आपलीच गाडी आडवी होती

गेल्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळच्या फेरीत दोघींवर अन्याय झाला. एक वाघीण. दुसरी मोशीतली खानावळवाली काकू. अन्याय करणारे कोणी बंदूकवाले शिकारी नव्हते. चाकणला कंपनीत जाणारी, पगारदार, लेकुरवाळी माणसं होती. काकूंच्या हातचं जेवलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी काकूंच्या गमती सांगणार आहे आणि त्या वाचताना कोणी मुद्दा विसरू नये.

जंगलात जायच्या सकाळी काकू प्रत्येकाचा वास घ्यायच्या. खरोखर. जिप्सीत चढण्याआधी सगळ्यांना ओळीत उभं करायचं आणि मानेशी नाक नेऊन हुंगायचं. दुसऱ्या हातात ओला टॉवेल तयार. एकदा नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा सेंटनं घमघमत होता. काकूंनी त्याची मान खसाखसा पुसली आणि त्याच्या बायकोला म्हणाल्या, "तुला आवडत असल गं माय, पर हरणाला नाही आवडत." ती पोरगी इतकी लाजली की फेरीभर तिनं मान वर केली नाही. तिला सांबरसुद्धा दिसलं नसणार.

तुमच्यातल्या काहींनी काकूंना पाहिलं असेल. सकाळी कंपनीच्या बसेस जिथं थांबतात तिथं डब्यांच्या पिशव्या घेऊन उभ्या असायच्या. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या दुमडलेल्या. मूळच्या उदगीरकडच्या. नवरा चाकणला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनवर, आणि काकूंची खानावळ मोशीत एका नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत. येसर मसाल्याची आमटी आणि भाकरी. मराठवाड्याची पोरं तिथं जेवता जेवता गप्प व्हायची.

माझी त्यांची ओळख झाली ती इंद्रायणी नदीत साचणाऱ्या प्रदूषणाच्या फेसावरची पत्रकं वाटताना. दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या पत्रकांवर भजी निथळत ठेवलेली. मी चिडले. काकू म्हणाल्या, "तुझा कागद तेल लई चांगलं पितो, पोरी. अजून हायत का?" मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी भज्यांची ताटली पुढं केली आणि भजी खाणाऱ्या एकेका पोराला खालचा कागद वाचायला लावला. ज्याला वाचायचा कंटाळा, त्याला दुसरं भजं नाही. इतकी वाचली गेलेली पत्रकं मी पुन्हा कधी छापली नाहीत.

जंगलाचं वेड त्यांना एका पोरामुळे लागलं. खानावळीत जेवणारा, पूर्व विदर्भातला, ज्याचं गाव एका राष्ट्रीय उद्यानाला लागून. जंगलाचं नाव मी मुद्दाम देत नाही. त्याच्या लग्नाला काकू गेल्या आणि चार दिवस तिथंच राहिल्या. परत आल्या त्या एकच धोशा घेऊन की आपल्या सगळ्यांनी एकदा तिथं जायला पाहिजे. सतरा सीटर ठरवली, बुधवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की निघायचं, गुरुवारची कंपनीची साप्ताहिक सुट्टी, तिला जोडून दोन रजा. रिसॉर्टात उतरायचं नाही, त्या गावातल्या बायकांच्या घरी उतरायचं, त्या जे रांधतील ते खायचं. वर काकू स्वतःची शेंगदाण्याची चटणी घेऊन जायच्याच आणि तिथल्या बायकांशी तिखटावरून वाद घालायच्या.

आता कोणी म्हणेल की काकूंना जंगलातलं फार कळत असणार. मुळीच नाही. पक्षी त्यांना दोनच ठाऊक होते. लहान असला की चिमणीची भावकी आणि मोठा असला की घारीचा दीर. लांबलचक कॅमेरा घेतलेल्या एका गृहस्थांनी त्यांना तीनदा सुधारलं. चौथ्यांदा काकू म्हणाल्या, "असल बाबा. मी काय त्याचं आधार कार्ड मागायले का?" वाघाच्या पायाचा ठसा कोणी दाखवला की त्या मान डोलवायच्या आणि मला हळूच विचारायच्या, हे कुत्र्याचं नाही कशावरून?

त्यांना फक्त एक गोष्ट पक्की माहीत होती. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कसं वागायचं. मोठ्यानं बोलायचं नाही. घरच्या माणसाच्या वाटेत पाय पसरून बसायचं नाही. दाखवतील ते बघायचं, उकरायचं नाही. एवढ्यावर त्यांचं सगळं वन्यजीव संवर्धन उभं होतं. मी त्या विषयावर बरंच वाचलंय. यापेक्षा फार वेगळं काही सापडलेलं नाही.

पहिल्या सहलीत वाघ दिसला नाही. परतीच्या वाटेवर गाडीत सुतकी चेहरे. क्वालिटीत काम करणारे एक काका म्हणाले, ट्रिप रिजेक्ट. सगळे हसले, काकूही हसल्या. मग ज्याला त्याला विचारत सुटल्या, तुला काय आवडलं? आमच्यात एक प्रेस चालवणारा दादा होता, कमी बोलणारा. तो म्हणाला, तळ्याकाठी गाडीचं इंजिन बंद केलं, सगळं शांत झालं, आणि माझ्या कानात शिट्टी वाजत होती. आधी वाटलं पाखरू आहे. गाडी सुरू झाली तेव्हा थांबली. आता रात्री झोपताना पण ऐकू येते.

इतकी वर्षं मशिनच्या धडाधडीत त्याला ती शिट्टी ऐकूच आली नव्हती. पुढच्या गुरुवारी काकू त्याला कामगारांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, त्याच्याबरोबर रांगेत बसल्या. कान गेला होता तो गेलाच, पण उरलेला वाचावा म्हणून इअरप्लग लावायला त्याला भाग पाडलं. लावला नाही तर डबा बंद, अशी धमकी. त्यानंतर प्रत्येक सहलीत त्या तळ्याकाठी इंजिन बंद करायला लावायच्या आणि लोकांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. तळ्याकडे त्यांचं लक्षच नसायचं.

पुढं अशा सहली नेमानं निघू लागल्या, बाहेरचे लोकही पैसे भरून येऊ लागले. फोनवर ते विचारायचे, काकू, वाघ दिसणार ना नक्की? काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "मी त्याला डबा देते व्हय रोज?"

हे उत्तर काही वर्षं चाललं. मग चाकण चौकात दुसऱ्या सहलवाल्यांचे फ्लेक्स लागले. व्याघ्रदर्शनाची हमी. दिसला नाही तर दुसरी फेरी फुकट. एकदा हमी दिली की ड्रायव्हरनं ती पाळायची, म्हणजे वाघाच्या मागे गाडी घालायची, वॉकीटॉकीवर बाकीच्यांना बोलवायचं, दोन्ही बाजूंनी रस्ता भरून टाकायचा. ज्याला वाघ बघणं म्हणतात ते पुष्कळदा वाघाला घेरणं असतं. मी काकूंना म्हटलं, तुम्हीही फ्लेक्स लावा, "वाघ दिसेलच असं नाही" असं लिहा. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, राहू दे, फ्लेक्सवर माझा फोटो टाकावा लागल.

गिऱ्हाईक कमी होत गेलं. त्या शुक्रवारी आम्ही दोनच जिप्सी घेतल्या होत्या. पुढच्या गाडीत काकूंच्याच सोसायटीतले सहा जण. त्यात सोसायटीचे चेअरमन, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मागच्या गाडीत काकू, मी आणि खानावळीतली पोरं. पुढच्या लोकांनी ड्रायव्हरला आदल्या दिवशीच गाठून वर पैसे कबूल केले होते. वाघ जवळून पाहिजे. हे आम्हाला नंतर कळलं.

वाघीण डावीकडच्या बांबूतून निघाली, रस्ता ओलांडून उजवीकडे उतरली. तिकडे पाणी होतं. उतरून ती थांबली आणि मागं बघायला लागली. बांबूत तीन बछडे होते. एक बाहेर आलं, रस्त्याच्या कडेला बसलं. आणि आपली पुढची गाडी सुरू झाली, वीसेक फूट पुढं गेली आणि आई आणि लेकरांच्या मधोमध आडवी उभी राहिली. जंगलात जे फोन पिशवीतच ठेवायचा नियम आहे ते बाहेर आले.

काकूंनी आमची गाडी आधी मागं घ्यायला लावली. मग त्या उभ्या राहिल्या. जंगलात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही फार चढवला नाही.

"भाऊ, गाडी मागं घ्या. लेकरं राहिलीत तिची इकडं."

चेअरमन वळले, हसले. "दोन मिनिटं काकू. पैसे वसूल होऊ द्या."

"भाऊ, ती पाण्याला निघालीय. मागं घ्या."

गाडी मागं आली नाही. पाठोपाठ आणखी चार जिप्सी आल्या. रस्त्यावर आलेलं बछडू बांबूत परत गेलं. वाघीण बराच वेळ त्या उन्हात तोंड उघडं टाकून बसून राहिली, मग उठून उतारानं भलतीकडेच निघून गेली. पुढच्या गाडीत कोणीतरी टाळी वाजवली. काकू खाली बसल्या. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होत्या.

गेटवर उतरल्या त्या सरळ वनखात्याच्या ऑफिसात गेल्या आणि आपल्याच सहलीतल्या गाडीविरुद्ध तक्रार दिली. सगळे धावत आले. चेअरमन म्हणाले, काकू, त्या गरीब ड्रायव्हरची रोजी जाईल, जरा माणुसकी ठेवा. काकू साहेबांकडे वळून म्हणाल्या, "म्हनूनच म्हनायले, त्याला गाडी पुढं घे म्हनून कोन म्हनलं, ते पन लिवा."

परतीच्या प्रवासात त्यांनी नेहमीसारख्या पुऱ्या वाटल्या. पुढच्या सहाजणांपैकी कोणी घेतल्या नाहीत.

मग जे झालं ते आपल्या शहरात कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी ज्यांच्या स्टेटसला वाघिणीचा व्हिडिओ होता त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तो काढून टाकला. ग्रुपवर मेसेज फिरला, स्वतःच्याच गिऱ्हाइकांवर तक्रार करणारी बाई. डब्यांची गिऱ्हाइकं तुटली. सोसायटीच्या सभेत ठराव झाला की राहत्या इमारतीत व्यवसाय नको. त्याच इमारतीत शिकवणी आहे, ब्युटी पार्लर आहे, चेअरमनच्या मेहुण्याचं टायपिंगचं दुकान आहे. ठराव फक्त खानावळीला लागला. दिवाळीच्या आधी काकूंनी भांडी विकली आणि त्या उदगीरला लेकीकडे गेल्या. नवरा मोशीतच खोली घेऊन राहतो, रिटायर व्हायला अवकाश आहे. त्याचा डबा आता बाहेरून येतो. मला एकदा भेटला होता. म्हणाला, आमटीत येसर नसतो.

आणि चौकशी. ड्रायव्हरचं काम गेलं, त्यानं सगळं अंगावर घेतलं. पुढच्या गाडीतल्या सहाही जणांनी लिहून दिलं की गाडी जागची हलली नव्हती, वाघीण आपणहून जवळ आली. मी जबाब दिला, खानावळीतल्या दोघा पोरांनी दिला. चौकशीचे साहेब सभ्य होते. म्हणाले, मॅडम, तुम्ही चळवळीतल्या, ही पोरं त्या बाईंच्या हातचं जेवणारी. मला पुढच्या गाडीतलं एक माणूस द्या. नाहीतर तक्रार खोटी म्हणून बंद करावी लागेल, आणि खोटी तक्रार करणाऱ्याला या जंगलात पुन्हा लोक आणता येत नाहीत.

म्हणजे गाडी आडवी घालणारे पुढच्या उन्हाळ्यात हमीच्या फेरीला जाणार. आणि ज्या बाईनं गाडी मागं घ्या म्हटलं, तिला गेट बंद.

मागच्या आठवड्यात मी काकूंना फोन केला. चौकशीचं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, तिची लेकरं दिसली का कुणाला? तिथल्या एका गाइडनं मला सांगितलं होतं. वाघीण दिसते, बरोबर दोन बछडे दिसतात. तिसरं कशानं गेलं ते कोणालाच माहीत नाही, आणि त्या सकाळमुळेच गेलं असं मी लिहिणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. मी काकूंना जेवढं होतं तेवढं सांगितलं. मागं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, "असल की गं तिथंच कुठंतरी. लाजरं असल." आणि लेकीनं हाक मारली म्हणून फोन ठेवला.

आता तुमच्याशी. पुढच्या गाडीतल्या सहाजणांशी. हा मजकूर मी तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही टाकणार आहे, त्यामुळे वाचला नाही असं म्हणू नका. चेअरमनसाहेबांकडून माझी काही अपेक्षा नाही. पण काकू दुसऱ्यांदा बोलल्या तेव्हा तुमच्यातल्या एका बाईनं नवऱ्याच्या दंडाला धरून म्हटलं होतं, "अहो, जाऊ द्या ना तिला." मागच्या गाडीत ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग त्या बाईकडूनही कागदावर सही करून घेतली गेली.

ताई, ती सही मागे घ्या. चौकशी अजून बंद झालेली नाही. येत्या बुधवारी मी निघतेय, गाडीत तुमच्यासाठी जागा ठेवली आहे. साहेबांसमोर बसा आणि गाडी पुढं घ्यायला कोणी लावली, त्याचं नाव सांगा.