अठरा आकडी वेळ

नोकरीत किती जणांना आत टाकलं ते विसरलो, पण केडगावचा एक वॉचमन आत टाकता टाकता राहिला, तो काही डोक्यातून जात नाही.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन रिटायर झालो. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही आणि त्याची लाजही नाही.

एका कॉलेजच्या ऑफिसातून परीक्षेचा पेपर फुटला. हेडक्लार्क स्वतः ठाण्यात आला. म्हणाला, "रिटायर झालेल्या लेखनिकाचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद करायचं राहिलं. पासवर्ड टेबलावरच चिकटवलेला. रात्रभर चाव्या वॉचमनकडं असतात. पुढचं तुम्हीच बघा."

फिर्याद घेतली, वॉचमनला आणून बसवलं. मूळचा मिरजगावचा माणूस. पोरगी त्याच कॉलेजात. एकच धरून बसला, "साहेब, माजं नाव आलं तर पोरीला परीक्षेला बसू देनार न्हाईत."

सायबर शाखेची महिला हवालदार कॉलेजातून खात्यांची यादी काढून घेऊन आली. कोण शेवटचं कधी शिरलं ते त्यात होतं, पण तारीख कुठंच नाही. नुसते अठरा अठरा आकडे.

"हा काय गाडीचा चेसिस नंबर आहे?"

"वेळ आहे साहेब. सोळाशे एक सालापासून मोजलेली."

"म्हणजे महाराजांच्या जन्माआधीपासून? बरं, चालू दे."

तिनं एक्सेलमध्ये भागाकार केला, वजाबाकी केली, रकान्याला तारखेचं रूप दिलं. रिटायर लेखनिकाच्या खात्यापुढं आलं, सोमवार, पहाटे साडेचार. त्या वेळी इमारतीत एकटा वॉचमन. त्यानं भिंतीला डोकं टेकलं. तेवढ्यात वरून मोठ्या साहेबांचा फोन, "संध्याकाळपर्यंत अटक दाखवा."

माझी एक खोड होती. साक्षीदारानं वेळ सांगितली की आधी त्याचं घड्याळ माझ्या घड्याळाशी लावून बघायचो, मगच जबाबात लिहायचो. मी म्हणालो, "पोरी, या मशीनचं घड्याळ कोणी बघितलंय?"

"साहेब, मशीन खोटं बोलत नाही."

"बोलत नसेल. मला दाखव."

मोठ्या साहेबांचा फोन पुन्हा वाजला, मी उचलला नाही. तिला घेऊन कॉलेजात गेलो. माझ्यासमोर प्राचार्यांना त्यांच्या खात्यात शिरायला लावलं. यादी नव्यानं काढली, तोच हिशेब केला. माझ्या मनगटावर दुपारचे तीन, कागदावर सकाळचे साडेनऊ!

हवालदारानं कपाळावर हात मारला. "हे इंग्लंडकडचं टायमिंग, साहेब. साडेपाच तास मिळवायचे राहिले."

म्हणजे पहाटेचे साडेचार नव्हेच, सकाळचे दहा. वॉचमनची ड्युटी सातला संपते. प्राचार्य म्हणाले, दहाला सगळे मीटिंगला हॉलमध्ये होते. हेडक्लार्क तेवढा ऑफिसात थांबला होता.

त्याला समोर बसवलं. "भाऊसाहेब, सोमवारी दहाला ऑफिसात कोण होतं?"

"मी... म्हणजे, पहाटेचं झालं ना ते?"

"पहाटेचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

यादी त्यानं आधीच बघितली होती, आमच्यासारखाच हिशेब करून पहाट काढली होती, म्हणूनच बोट वॉचमनकडं दाखवलं. पंचांसमोर फोन जप्त केला. पेपर भाच्याला पाठवलेला निघाला.

वॉचमनला म्हणालो, "जा घरी." तो उठेना.

"साहेब, आनलं तवा अख्ख्या चाळीनं बघितलं. आता एकटा गेलो तर पळून आला म्हनतील. पोरगी दारात उभी आसंल."

मी टोपी चढवली, जीप काढली. चाळीत त्याच्या आधी मी उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "या माणसाचा काही गुन्हा नाही."

माणूस पकडला की सगळ्यांना आपोआप कळतं. सुटला हे मात्र पोलिसानंच जाऊन सांगावं लागतं. ते काम कुठल्या नियमात लिहिलेलं मी वाचलं नाही. पण त्या दिवसापासून केलं.