कच्च्या टाक्यावरची मोटार

मोटारीचे बॉनेट उघडण्यापूर्वी आमचे शिंपीकाका गळ्यात मापाची टेप घालत. बॉनेटखाली टेपेचे काही काम नसे, पण तिच्याशिवाय त्यांना हात चालवणे जमत नसे. मग इंजिनात डोके घालून ते बराच वेळ पाहत आणि निकाल देत, "कुठंतरी शिवण उसवलीय."

मी पनवेलला शाळामास्तर होतो. आमच्या आळीत, माझ्या खोलीसमोर त्यांचे दुकान आणि मागे बिऱ्हाड. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षे झाली असतील. गावातले एक डॉक्टर कायमचे मुंबईला निघाले, तेव्हा त्यांनी आपली म्हातारी मोटार काकांच्या दारात लावली. "इतकी वर्षं माझे कोट सांभाळलेत, आता हिला सांभाळा," म्हणाले. चालवायलाही त्यांनीच शिकवले. आतल्या तारांचे सुती आवरण उंदरांनी खाल्ले आहे, एवढे सांगायचे राहिले.

काकूंचे माहेर पळस्प्याच्या पुढच्या कोन गावचे. मोटार दारात आली त्याच आठवड्यात त्यांचा भाऊ येऊन पोटभर हसून गेला. "भावजींची मोटर पळस्प्यापरेंत बी नाय पोचायची!" काकूंनी तिथल्या तिथे सुनावले, "आता माहेरी येईन ती मोटरीतनंच. नायतर नाय." भाऊ टांग्याने आला होता, टांग्याने परत गेला. काकांना मात्र घाम फुटला, कारण काकू बोलल्याप्रमाणे वागत.

तुम्ही-आम्ही तारा बदलल्या असत्या तर एकेक करून बदलल्या असत्या. पण जुन्या कोटावरून नवा शिवायचा तर जुना आधी सगळा उसवायचा आणि तुकड्या-तुकड्यावर खडूने खूण करायची, ही काकांची रीत. त्यांनी साऱ्या तारा काढल्या, प्रत्येक तारेवर खाकी कापडाची नळी शिवली आणि नळीवर खडूने लिहिले: हॉर्न, डावा दिवा, उजवा दिवा. मग काम नीटनेटके दिसावे म्हणून सगळ्या नळ्यांवरून हलकी इस्त्री फिरवली. इस्त्रीखाली पुसला जावा यासाठीच शिंप्याचा खडू असतो. तो पुसला गेला.

मी पाहायला गेलो तेव्हा पाटावर एकसारख्या खाकी तारांची जुडी होती आणि काका तिच्याकडे पाहत बसले होते. "शिलाई बघा मास्तर," ते म्हणाले. शिलाई खरोखरच सुरेख होती.

तेव्हापासून दुपारचे जेवण झाले की दोघे कामाला लागत. काका आत बसून एकेक तार लावून बघत. काकू कधी पुढे, कधी मागे दिव्यांकडे बघत उभ्या राहत.

"पेटला?"

"नाय."

"आता?"

"नाय. पन भोंगा वाजला."

आळीला याची इतकी सवय झाली की एखाद्या दुपारी "नाय" ऐकू आले नाही तर लोक चौकशीला जात. मधल्या काळात कोनला काकूंच्या भावाच्या मुलीचे बारसे झाले. काकू गेल्या नाहीत.

मग एका सकाळी भाऊ पुन्हा टांगा घेऊन आला. या वेळी तो हसत नव्हता. "बाबांचं काय खरं नाय. सारखं तुझं नाव घेतात. चल."

काकूंचे डोळे भरले. त्या टांग्यापर्यंत गेल्या, पायरीला हात लावला आणि मागे फिरून मोटारीत जाऊन बसल्या. मला त्या बाईचा मनस्वी राग आला.

"अगं, तारा अजून बाहेर आहेत!" काका म्हणाले. अर्धवट शिवलेला कपडा त्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाच्या हाती दिला नव्हता. लग्नघरची माणसे दारात ताटकळली तरी काजे-बटणे पुरी झाल्याशिवाय सदरा दुकानाबाहेर जात नसे. ते क्षणभर काकूंकडे पाहत राहिले. मग त्यांनी इंजिनाला ठिणगी देणाऱ्या, तेवढ्याच ओळखू आलेल्या तारा जोडल्या. उरलेली जुडी दोऱ्याने बांधून बाजूला ठेवली. "चल. आज कच्च्या टाक्यावर जाऊ. बाह्या नंतर लावू."

हँडल मारले. मोटार खोकली, थरथरली आणि चालू झाली. हॉर्न नव्हता, म्हणून बाजारातून जाताना काकू खिडकीतून डोके काढून "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" असे ओरडत होत्या. पळस्पे आले आणि मागे पडले. भावाचा टांगा बराच मागून कोनला पोचला. म्हाताऱ्याने अंगणात खाट आणवली आणि लेकीची मोटार डोळे भरून पाहिली. तो आणखी चार दिवस होता. काकू त्याच्याजवळ होत्या.

पुढे हळूहळू सगळ्या तारा जागेवर गेल्या. ब्रेक दाबल्यावर पेटणारा मागचा लाल दिवा तेवढा राहिला. त्याच्यासाठी दोघांच्या दुपारी चालूच होत्या. एका हिवाळ्यात काकू तापाने आजारी पडल्या आणि गेल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस मोटारीचे दार उघडले नाही. मग एका दुपारी मी शाळेतून येत असताना काका आत बसलेले दिसले. मान पुढे, पाय ब्रेकवर. सवयीने त्यांनी विचारले, "पेटला?"

मागे कोणी नव्हते. मी जाऊन उभा राहिलो. दिवा लालभडक पेटला होता.

तो पेटला असे सांगितले तर उद्या दुपारी हा माणूस काय करील?

"नाय," मी म्हणालो.

मग काका खाली उतरले, दुकानात गेले आणि गळ्यात टेप घालून बाहेर आले.

"कुठंतरी शिवण उसवलीय, मास्तर," ते म्हणाले, आणि त्यांनी बॉनेट उघडले.