हेलिकॉप्टर यायच्या आधीचा पूर

खिडक्या गोल होत्या, एवढ्यावर सगळं अडलं.

अण्णांचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघत होते. अण्णा म्हणजे माझे चुलते, भालकी तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. स्क्रीनवर ते ताठ बसून सांगत होते, "वरनं दोरी आली. कमरंला बांधली अन् मला वर वढलं. गोल गोल खिडक्या व्हत्या त्याला. आत एक सरदारजी व्हता. त्यानं बिस्कीट दिलं."

मी बिदरला घरून काम करते, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी. कंपनी फ्लाइट सिम्युलेटरसाठी मिशन्स बनवते. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ. त्याला खेळ म्हटलेलं खेळणाऱ्यांना आवडत नाही, इतके ते गंभीर लोक असतात. मिशन म्हणजे त्यांना दिलेली कामगिरी: अमुक तळावरून निघा, तमुक माणसांना उचला, परत या. मिशन इतिहासातलं असेल तर ते हेलिकॉप्टर त्या साली खरंच सेवेत होतं का, हे तपासायचं काम माझं. त्याआधी मी कॉलेजात लायब्ररियन होते. कामात फार फरक नाही. चुकीच्या कपाटात गेलेली गोष्ट बरोबर कपाटात आणायची.

अण्णांची गोष्ट मीटिंगमध्ये मीच सांगितली होती. पूर आलाय, शाळेतली मुलं ओढ्यापलीकडे अडकलीत, हेलिकॉप्टर येऊन त्यांना उचलतं. आमचे बॉस निखिल, वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, खुर्चीतून उठलेच. "मॅडम, रिअल माणूस, रिअल गाव! हे आपलं पावसाळ्याचं मिशन." कॅमेरावाला गावी जाऊन आला. मॉडेल तयार होतं, एमआय-८ या रशियन हेलिकॉप्टरचं, गोल खिडक्यांचं. ट्रेलर शुक्रवारी जाणार होता. अण्णांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पडदा लावायचं ठरलं होतं.

आणि तारीख तपासायची राहिली होती. घरचंच माणूस, म्हणून मी शेवटी ठेवली होती.

सेवेतली तारीख ही एक गोष्ट नसते. कराराची तारीख वेगळी, हेलिकॉप्टर देशात आलं ती वेगळी, पहिल्या तुकडीला मिळालं ती वेगळी, आणि ते प्रत्यक्ष कामाला लागलं ती आणखी वेगळी. वर्तमानपत्रं पहिली छापतात, खेळणारे दुसरीवर भांडतात, मला शेवटची लागते. पण इथं इतकं बारीक जायची गरजच पडली नाही. एमआय-८ आपल्या हवाई दलात आलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. अण्णा तेव्हा लग्न झालेले, दोन लेकरांचे बाप होते. आणि गोष्टीत ते चौथीत होते.

फोन केला.

"अण्णा, तो पूर कोणत्या साली आला होता?"

"साल कुणाला म्हाईत? आपलं बिदर म्हैसूर राज्यात गेलं न्हाई का, त्याच्या पुढल्या पावसाळ्यात. शाळंत नवा कन्नड मास्तर आलता. त्याला आमचं कळंना, आम्हाला त्याचं. तो बी आमच्यासंगं अडकला व्हता, एकटाच 'अय्यो अय्यो' करायलता."

यावर वाद घालायला जागा नव्हती. आमच्या सीमेवरच्या गावांत जुनी माणसं सन सांगत नाहीत, राज्य सांगतात. निजामाचं असताना, म्हैसूरचं झाल्यावर. राज्यं नव्यानं झाली ती १९५६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे पूर १९५७ चा. तेव्हा हवाई दलाकडे पहिलं हेलिकॉप्टर येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि एकूण हेलिकॉप्टरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातलं एक आमच्या ओढ्यावर येईल, हे मला पटेना. आलं असतं तरी त्याला गोल खिडक्या नसत्या.

निखिलना सांगितलं.

"मॅडम, मग पूर सत्तरच्या दशकात टाकू. कोण बघतंय?"

"खेळणारे बघतात. मागच्या वेळी शेपटीवरचा नंबर चुकला होता तर किती मेल आले?"

"मग अण्णांना चौथीऐवजी दुसरं काही म्हणायला लावा."

"अण्णा तेव्हा पंचविशीत होते. शाळेच्या चौथऱ्यावर रडत बसलेले दाखवायचे का?"

ते म्हणाले, "शुक्रवार आहे, मॅडम. काहीतरी करा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून गावी गेले. रस्ताभर फोनवर जुने संदर्भ उघडत होते, बंद करत होते. एका जागी बसवत नव्हतं.

अण्णा ओसरीवर होते. मी सरळ विचारलं, "अण्णा, त्या साली हेलिकॉप्टर आलेलं नसणार. मुलांना काढलं कुणी?"

"म्हंजे मी खोटं बोलायलोय व्हय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणायलीस? बिदरला एसीत बसून तुला कळायलंय, अन् मी त्या पाण्यात व्हतो तर मला कळंना?" आणि ते आत निघून गेले. अण्णा माझ्यावर चिडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी चिडले.

मी परत निघाले. स्टँडवर शेवंताक्का बसल्या होत्या. ओढ्याकडच्या बौद्ध वस्तीतल्या, अण्णांपेक्षा दोनेक वर्षांनी मोठ्या. मुलगा भालकीला शिक्षक आहे, त्याच्याकडे निघाल्या होत्या. मी शेजारी बसले आणि तोच प्रश्न विचारला.

"ती पोरं व्हय? माझ्या बापानं काढली." त्या पिशवीची गाठ मारत म्हणाल्या. "काहिलीत बसवून."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची मोठी पसरट कढई. दोन-तीन माणसं सहज बसतील एवढी.

"सटवाजी म्हणायचे बापाला. गुऱ्हाळावर काहिलीखाली चुलाणात पाचट सारायचं काम. काहिलीला हात लावायचा न्हाई, गुळाला तर न्हाईच. त्या दिशी काहील पालथी पडली व्हती, पावसाळा की. त्यानं सुलटी केली, पाण्यात ढकलली. पोरं आत, हा दोर दातात धरून पवायचा. फेऱ्या मारल्या. मास्तरला शेवटी आणलं, लय जड व्हता मेला."

"आणि मग?"

"मग काय? पुढल्या हंगामाला कामावर बोलावलं न्हाई. काहील बाटली म्हणले."

"अक्का, अण्णांची हेलिकॉप्टरची गोष्ट तुम्ही ऐकलीत?"

"ऐकली की. दर पंधरा ऑगस्टाला ऐकायलेय. शाळंत झेंड्याखाली उभं राहून सांगत्यात."

"मग कधी बोलला नाहीत?"

"तुझे अण्णा म्होरं उभे, मी पार मागं. मागनं काय सांगावं?" जीप आली. चढताना त्या वळून म्हणाल्या, "आता शिनेमा काढायलेत म्हणं. त्यात बी तेच दावणार?"

मी जीप सोडली आणि परत ओसरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं अण्णा बाहेर आले.

"गेली न्हाईस?"

"अण्णा, काहील."

ते पायरीवर बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"मला पहिल्याच फेरीत घेतलं त्यानं," ते म्हणाले. "मी काहिलीत बसंना. लय भेलो व्हतो. मग त्यानं पाठकुळी घेतलं. घरी आलो तर आईनं अंगणातच उभं करून आंघोळ घातली. पाण्यातनंच आलतो की मी! तरी घातली. वर म्हणली, कुणाच्या पाठीवर आलास ते शाळंत सांगू नको."

"आणि हेलिकॉप्टर?"

"ते दुसऱ्या पुरात. तवा मी बाप्या झालतो. ओढ्यावर आलं, दारात सरदारजी उभा, खाण्याची पाकिटं टाकली अन् गेलं. लेकरांना गोष्ट सांगायला बसलो की पुरापाशी यायचो अन् अडायचो. एक दिवस दोरी वरनं सोडली. लेकरं खूश. मग तसंच बसलं." पुढं म्हणाले, "हेलिकॉप्टरला कुणी जात इचारत न्हाई."

संध्याकाळी निखिलना फोन लावला. सगळं सांगितलं.

"स्टोरी भारी आहे, मॅडम. पण आपण हेलिकॉप्टर विकतो, काहील नाही."

"मग दुसरा पूर घ्या. एमआय-८ तेव्हा सेवेत होतं, गोल खिडक्या चालतात, पाकिटं टाकायची. दोरी काढा, ती वर ओढणारं विंच काढा. कुणालाही उचलायचं नाही."

"उचलायचं नाही? रेस्क्यू मिशनमध्ये?"

"ते रेस्क्यू नव्हतंच. रेस्क्यू आधीच्या पुरात झालं. ते सुरुवातीच्या माहितीत लिहायचं, नावासकट. नाहीतर तपासणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा."

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग, "ट्रेलर पुढच्या शुक्रवारी. नवा व्हिडिओ लागेल. तुमचे अण्णा बोलतील?"

मला खात्री नव्हती. अण्णांनाही नव्हती. कॅमेरावाला आला त्या सकाळी त्यांनी दोनदा शर्ट बदलला. मग मला म्हणाले, "चल," आणि घरी बसायचं सोडून ओढ्याकडच्या वस्तीत गेले. त्या दारात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवंताक्का भालकीहून परतल्या होत्या.

"जयभीम अक्का," अण्णा म्हणाले.

अक्का दारात आल्या. "जयभीम. आज इकडं कसं काय?"

"तुझ्या बापाचं नाव घ्यायचंय. तुझ्या अंगणात घेतो."

"आता कामून? बाप गेला की कवाच."

"मी हाय की अजून. त्यानं ठिवलेला."

अक्कांनी खाट टाकली. एवढंच म्हणाल्या, "घ्या. पण पुरं नाव घ्या. सटवाजी भीमराव. नुसतं सट्या म्हणायचे सगळे."

अण्णांनी पुरं नाव घेतलं. एका टेकमध्ये झालं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पडदा लागला. माणसं थोडी कमी आली. दोघं-तिघं मध्येच उठून गेले. अक्का पुढच्या रांगेत बसल्या होत्या, अण्णांच्या शेजारी. सरदारजी पाकिटं टाकताना दिसला तेव्हा त्याच तेवढ्या हसल्या. "व्हय, असाच व्हता. एक पाकीट चिखलात पडलं व्हतं, ते आम्हाला मिळालं."

मिशन फारसं चाललं नाही. खेळणाऱ्यांनी लिहिलं, कंटाळवाणं आहे, नुसती पाकिटं टाकायची. तारखेबद्दल मात्र एकही तक्रार आली नाही. निखिलनी दोन्ही गोष्टी मला एकाच मेलमध्ये कळवल्या.

आता नव्या मुलांना काम शिकवताना मी एवढंच सांगते. हेलिकॉप्टर सेवेत कधी आलं ते शोधा. सापडलं की थांबू नका. त्याच्या आधी लोक कसे वाचत होते, तेही विचारा. बहुतेक वेळा तिथं एखादा माणूस असतो, आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नसतं.