पूजेच्या गोवऱ्या आणि बाळाचं न्हाण

तमिळ मुलखात, समुद्राकाठच्या तिरुवल्लिकेणीत मी ज्या काकूंच्या घरी राहते, त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. काकू तंजावरकडच्या मराठी. तेल चोळून बाळाचं न्हाण रोज व्हायलाच हवं, त्यात खाडा नाही. तशात डिसेंबरातलं वादळ येणार अशी बातमी आली. म्हणजे करंट जाणार, गीझर बंद. गॅसही संपत आलेला.

"ऊन पाण्याचं काय करायचं गं?" काकू म्हणाल्या.

मी चाचरतच म्हटलं, "मला चूल पेटवता येते, काकू."

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथे चुलीबद्दल कुणाशी कधी बोलले नव्हते. पण काकूंचा चेहरा असा खुलला की मला हवेत तरंगल्यासारखं झालं.

समोरच्या खानावळीतून नारळाच्या करवंट्या आणल्या, गच्चीत वाळवल्या आणि पावसाच्या भीतीने प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधल्या. गोवऱ्या ऑनलाइन मागवल्या. आल्या त्या बिस्किटाएवढ्या, एकेक कागदात गुंडाळलेली, चंदनाचा वास आणि सोबत कापूर. टाके दुखतील म्हणून काकूंची लेक पोट धरून हसली.

"अम्मा, हिनं होम मागवलाय बघ."

काकूंनी पुडा देवघरात ठेवला.

वादळ आलं आणि सकाळीच करंट गेला. मागच्या व्हरांड्यात विटांची चूल मांडून मी पोतं सोडलं, तर करवंट्या आतल्या आत घामेजलेल्या. इथली समुद्राची हवा मी विसरलेच होते. नुसता धूर. आत बाळ तेल माखून तयार, आणि आता रडायलाही लागलेलं.

"गारठेल हो ते," लेक आतून म्हणाली. मी आणखी जोराने फुंकर घातली.

काकू देवघरातला पुडा घेऊन आल्या.

"पण ते देवाचं आहे ना?"

"देवालाही रोज न्हाऊ घालतेच की मी. लाव."

कापराने पेट घेतला, मग गोवऱ्यांनी, मग कुरकुरत करवंट्यांनीही. पाणी तापलं. अंगावर पहिला तांब्या पडताच बाळ गप्प झालं आणि त्याने चक्क जांभई दिली. काजळी लागलेल्या तोंडाने मी हसत सुटले, थांबताच येईना.

चंदनाचा वास जिन्याने वर गेला असणार. वरच्या मजल्यावरचे शेजारी मामा-मामी हात जोडून दारात उभे. मामांनी हळूच तमिळमध्ये विचारलं, "कसला होम चाललाय?"

काकूंनी टॉवेलात गुंडाळलेलं बाळ पुढे केलं. "याचा. प्रसादाला ऊन पाणी आहे. देऊ?"

मामी वर गेल्या आणि बादली घेऊन आल्या.