चार खड्यांची बांगडी

आठवीत शाळा सोडली आणि कोकणातून इथं चिखलीला, लाखेच्या बांगड्या घडवणाऱ्या चाचांकडे कामाला आलो, त्याला वर्षं झाली. चूक झाली तर परत पाठवतील ही धास्ती मात्र गेली नाही. म्हणून मी सगळं गरजेपेक्षा जास्त मोजतो.

डोणगावच्या एक बाई तडकलेली बांगडी सांधायला घेऊन आल्या. वारलेल्या आईची, एकच उरलेली. चार सारखे लाल खडे, पण विषम अंतरांवर. आमच्या लाकडी दांड्याला सभोवार चोवीस रेघा, म्हणजे चोवीस घरं आहेत. बांगडी त्यावर चढवून मी प्रत्येक खड्यापासून प्रत्येक खड्यापर्यंतची घरं जवळच्या बाजूनं मोजली आणि वहीत लिहिली: एक, चार, पाच, सात, अकरा, बारा. कुठलं अंतर कुठल्या दोघांचं, ते लिहिलंच नाही. बांगडी समोर तर होती.

मग शेगडीवर ऊब देताना लाख वितळून बांगडीचा आकारच गेला. खडे राखेत पडले.

चाचा नमाजहून आले. मी नुसती वही पुढे केली.

"काऊन रडून राह्यला बे? आकडे आहेत ना."

"पहिला खडा कुठं होता तेच माहीत नाही, चाचा."

"बांगडीले पहिला खडा असते काय? दिवसभर हातात फिरते ते."

बारा म्हणजे समोरासमोर. दोन खडे तसे ठेवले. उरलेल्या प्रत्येकाची या दोघांपासूनची अंतरं मिळून बाराच भरणार: एक-अकरा, पाच-सात. तिसरा एकाला लागून बसला. चौथ्याला पाच-सातच्या जागा चार निघाल्या. वहीत उरलेला आकडा चार, आणि तिसऱ्यापासून चार घरांवर त्यांतली एकच जागा होती.

"पण सगळं उलट्या बाजूनं असेल तर?"

चाचांनी दांड्यावरची एक बांगडी काढली, पालथी करून परत चढवली. "आता?" क्रम उलटा झाला होता, बांगडी तीच होती.

तीच लाख मळून बांगडी पुन्हा घडवली. बाई आल्या तेव्हा चाचा म्हणाले, "तूच सांग." जे घडलं ते सगळं सांगितलं.

त्या बांगडी हातात घालून, डोळे मिटून, ती हळूहळू फिरवत राहिल्या. अंगठा रिकाम्या अर्ध्या भागावर थांबला.

"ताप आला का मी मायचा हात धरून निजत होती," त्या म्हणाल्या. "इथं काहीच लागत नव्हतं. एकीकडं एकटा खडा, दुसरीकडं दोन चिकटून." अंगठा दोन्हीकडे जाऊन आला. "हाव. हेच."

त्या गेल्यावर चाचांनी दुसरी बांगडी माझ्यापुढे सरकवली.

"मोज. या खेपेले खड्यांले नंबर टाक."