सात नाटी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. दर पावसाळ्यात वरच्या कार्यालयाकडून आम्हाला एक तक्ता भरायला यायचा. त्यात विद्यार्थी किती, मुली किती, किती गावांतून येतात, असं सगळं कळवायचं असे. आमच्या हेडक्लार्कना त्याला तीन आठवडे लागत. अर्जांचे गावागणिक गठ्ठे करून ते जिमखान्याच्या फरशीवर मांडत आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर चिऱ्याचा तुकडा ठेवत.

त्या वर्षी कॉलेजात कॉम्प्युटर आला. गणिताच्या सरांनी मुंबईला जाऊन कोर्स केला होता. त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला आणि मला सांगितलं, "तुम्ही फक्त अर्जातलं इंग्रजीत टाइप करा. मोजायचं काम त्याचं."

मी चार दिवस टाइप केलं. मुलांनी जे स्पेलिंग लिहिलं तेच टाकलं. मग सरांनी एक बटण दाबलं आणि प्रिंटर करकरायला लागला. चहा निवायच्या आत तक्ता तयार, सोबत गावांची लांबलचक यादी. प्राचार्यांनी उभ्याउभ्याच सही केली. "जिल्ह्यात आपला पहिला गेला पाहिजे!" म्हणून शिपायाला तडक पोस्टात पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क स्थळप्रत घेऊन माझ्या टेबलाशी आले. ते मूळचे राजापूरकडच्या नाटे गावचे.

"काय गो, नाटी किती आहेत?"

"एकच ना?"

"मला पण तसंच वाटत होतं. इथं सात आहेत."

मी पाहिलं. कुणी एन-ए-टी-ई लिहिलं होतं, कुणी शेवटी वाय लावला होता, कुणी डबल ए, एकाने तर मध्ये एच घातला होता. यंत्राने प्रत्येकाचं वेगळं गाव वसवलं होतं. दाभोळची चार झाली होती. मी अर्जांचा गठ्ठा ओढून पुन्हा स्पेलिंगं तपासायला लागले. हेडक्लार्क मात्र यादीवरून बोट फिरवत म्हणाले, "आमचा गाव एवढा वाढला नि मला कोणी सांगितलंन नाही."

मी घाबरत प्राचार्यांकडे जायचं ठरवेपर्यंत वरून पत्र आलं. इतक्या गावांत शिक्षण पोचवल्याबद्दल आमचं अभिनंदन केलं होतं. खाली एक ओळ होती: प्रत्येक गावाचे अंतर व येण्याजाण्याचे साधन कळवावे.

"सर, चूक झाली म्हणून कळवू या," मी म्हटलं.

प्राचार्यांनी ते पत्र टेबलाच्या काचेखाली सरकवलं होतं. ते त्यावर हात ठेवून म्हणाले, "अभिनंदन आलंय हो. आता काय कळवायचं?"

हेडक्लार्क शांतपणे खुर्ची ओढून बसले. "मी भरतो. पण खोटं एक अक्षर लिहिणार नाही."

आणि खरंच नाही लिहिलं. पहिलं नाटे त्यांनी राजापूरवरून एसटीने दाखवलं. दुसरं पावसवरून. तिसरं तरीतून खाडी ओलांडून. चौथं बंदरापर्यंत, पाचवं शाळेपर्यंत, सहावं मच्छीमार होडीने थेट समुद्रातून. प्रत्येकाचं अंतर वेगळं आणि अगदी बरोबर. सातव्याला "पायी" लिहिलं.

"पायी कोण जातं?" मी विचारलं.

"माझे आजोबा गेले होते."

"पण ते विद्यार्थी नव्हते."

"रकान्यात साधन विचारलंनी आहे. माणूस नाही."

दाभोळची चारही त्यांनी अशीच मार्गी लावली. वरून पोच आली, शंका एकही नाही.

पुढच्या वर्षी मी शहाणी झाले. सरांना सांगून प्रत्येक गावाला एक नंबर देऊन घेतला आणि स्पेलिंगऐवजी नंबर टाइप केले. सगळं काम दोन दिवसांत आटपलं, गावं जेवढी होती तेवढीच निघाली. तक्ता गेला आणि पंधरा दिवसांत पत्र आलं: गावांची संख्या घटण्याचे कारण काय?

प्राचार्य कपाळाला हात लावून बसले. हेडक्लार्कनी फुलस्केप घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सदर गावे पूर्वीपासूनच एकमेकांत मिसळलेली आहेत. तरी माहितीसाठी सविनय सादर."

त्यावर कधीच उत्तर आलं नाही.

तीन आठवडे मोकळे मिळाल्यावर हेडक्लार्कनी नोकरीत पहिल्यांदाच पावसाळ्यात रजा टाकली आणि गावी गेले. परतले ते सुक्या बांगड्यांचं मोठं गाठोडं घेऊन. कार्यालयात पावसाची ओल, म्हणून त्यांनी ते एकुलत्या एक कोरड्या खोलीत, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली ठेवलं. गणिताचे सर नाकाला रुमाल लावून ओरडत आले, "यंत्र बिघडेल!"

"बिघडू दे हो," हेडक्लार्क म्हणाले, "तुमच्यासाठी पण आणलेत."

सर जरा थांबले. मग रुमाल काढून त्यांनी विचारलं, "किती?"