खालचे दोन थर

काल नाना गेले आणि मला रडू नाही, राग येतोय.

रागच. कुणावर, ते नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. धुळ्यात एका खडीच्या खाणीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर ऑपरेटर, नाना आमचे इंजिनिअर. खाण नरडाण्याकडच्या एका टेकडीवर. पायथ्याशी गाव, तिथेच नानांची मोठी बहीण दिलेली. अक्का.

अक्का ऑफिसात येऊन विचारून गेल्या, "भाऊ, आमनी हीर आटी जाई का रे?"

खाण विहिरीतल्या पाण्याच्या पातळीखाली खणली तर विहीर आटणार, हे नानांना पक्कं ठाऊक.

मला म्हणाले, "टेकडीत एकूण किती दगड, हे नको. उंचीप्रमाणे दे. दर तीन मीटरच्या थरात किती, ते काढ. वरचा दगडच भरपूर आहे, हे शेठला आकड्यांनी दाखवू."

नवं सॉफ्टवेअर. रिपोर्ट निघेपर्यंत नाना खुर्चीत टेकले नाहीत.

निघाला. आणि कपाळ माझं!

पाण्याच्या पातळीखालच्या दोन थरांतच वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त दगड. टेकडी खाली रुंद असणारच हो, पण इतकी?

मी म्हटलं, "नाना, खालचे दोन थर गाळून प्रिंट काढते. उंचीची रेंज बदलली की झालं. कुणाला कळतंय?"

"नाही."

"अहो, अक्कांची विहीर आहे!"

"माहितीये मला! पण एकदा लबाड ठरलो, तर पाण्याचं खरं सांगेन तेव्हा कोण ऐकेल माझं?"

अख्खा रिपोर्ट घेऊन गेले. पाण्याखाली खणू नका म्हणून शेठशी तासभर भांडले. शेठ हसत म्हणाला, "नाना, मानलं तुम्हाला. खरा माल तर खाली आहे!"

आपल्याच हाताने पायावर धोंडा.

नानांनी त्याच दिवशी राजीनामा फेकला. काय डोंबल उपयोग? शेठने दुसरा इंजिनिअर आणला. पुढच्या उन्हाळ्यात विहीर कोरडी ठाक.

अक्का भाऊबीजेला आल्या नाहीत. नाना स्वतः गेले, तर दारातच म्हणाल्या, "तुन्हं खरं ऱ्हायनं, मन्ही हीर गयी."

त्यानंतर हा माणूस कुठे टिकलाच नाही. जळगाव, भडगाव, अमळनेर. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. मधेच एसटीडीवरून फोन यायचा, "त्या गावात टँकर जातो का गं?"

हॅलो नाही, कशी आहेस नाही.

काल अमळनेरला अक्का आल्या होत्या. थकल्यात फार. नानांच्या उशाशी बसून त्यांचा चेहरा कुरवाळत होत्या. "भाऊ, बोल ना रे मन्हासंगे."

मला बघवेना. बाहेर आले.

नाना, मी आजही ते दोन थर गाळले असते.

तुम्ही मला आजही गाळू दिले नसते.

कोण बरोबर, मला खरंच कळत नाही. आता विचारू कुणाला?

या नाना. नमस्कार करते.